नटाची खाच: आधी रुंदी बघा, खोली नंतर

तुमची अडचण मला समजली ती अशी. अकूस्टिक गिटारवर आधी अकराचा, म्हणजे बारीक तारांचा सेट होता, आता बाराचा, थोड्या जाड तारांचा चढवलाय. तेव्हापासून तिसरी तार सुरात लावताना ‘टिंग’ करून उडी मारते, एफ कॉर्ड धरताना बोटं दुखतात, आणि दुकानात सांगितलं की नटाच्या (खुंट्यांजवळच्या, तारा पेलणाऱ्या पट्टीच्या) खाचा खोल करून घ्या. त्यासाठी कानशींचा महागडा सेट घ्यावा, की सराफ बाजारात मिळतात त्या बारीक कानशींवर भागेल?

खोल करायला अजून हात लावू नका. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. अकराच्या नेहमीच्या सेटमध्ये जी तार २२ थाउची असते, बाराच्या सेटमध्ये २४ थाउची. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांच्या टूलरूममध्ये जन्म गेला, मला याच मापात बोलता येतं. जुन्या खाचेत ही जाड तार चेपून बसलीय. खुंटी फिरवली की ती अडकते, ताण साठतो आणि एकदम सुटते, तोच ‘टिंग’. चेपलेली तार खाचेच्या तळाला टेकतही नाही, वरच तरंगते. त्यामुळे पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांतल्या पहिल्या पट्टीवर) तारेची उंची वाढते आणि एफ जड जातो. म्हणजे दुखणं रुंदीचं आहे. रुंदी सुधारली की उंची बऱ्याचदा आपोआप जागेवर येते.

आता कानशी. सोनाराची त्रिकोणी कानस इंग्रजी व्हीसारखी खाच पाडते, तार दोन भिंतींत पाचर मारल्यासारखी बसते. गोल कानस निमुळती असते, एका टोकाला एक माप, दुसऱ्या टोकाला वेगळं. नटाचा माथा आणि कडा घासायला त्या उत्तम, खाचेसाठी नको. नटाच्या खास कानशीची कड गोलाई दिलेली आणि सगळीकडे एकाच जाडीची असते, आपण पैसे त्याचेच मोजतो. होस्कोसारख्या जपानी कानशी मी वापरल्यात, दात बारीक आणि खाचेचा तळ स्वच्छ निघतो. पण एका गिटारसाठी सहाच्या सहा घेऊ नका. तुमच्या तारा १२, १६, २४, ३२, ४२, ५३. कानस तारेपेक्षा दोन ते चार थाउ जाड हवी. २६, ३६ आणि ४६ एवढ्या तीन घ्या. वरच्या दोन साध्या तारांना गॅस वेल्डिंगचा टिप क्लीनर चालतो, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याची सळई लवते, म्हणून खाच रुंद करायलाच वापरा, नवी पाडायला नाही. सहाव्या तारेसाठी ४६ची कानस किंचित डावी-उजवी कलती करून फिरवा, किंवा जुनी गुंडाळलेली जाड तार खाचेतून मागे-पुढे ओढा. तिचे वेढेच कानशीचं काम करतात.

हात मारताना दिशा सांभाळा, इथेच सगळ्यात जास्त नट वाया जातात. तार खाचेच्या पुढच्या कडेवर, म्हणजे फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर टेकली पाहिजे, आणि तिथून तळ खुंट्यांकडे उतरत गेला पाहिजे. मागचा भाग उंच राहिला किंवा तळ सपाट झाला तर तार पुढच्या भागावर घासून झणझणते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर मुद्दाम जी जवारी काढतात, तीच इथे नको असताना निघते. मोकळी तार वाजवल्यावर सतारीसारखा आवाज आला, पण फ्रेट दाबल्यावर तो गेला, तर आधी उतार तपासा. तिसऱ्या-चौथ्या तारेची खुंटी बाजूला असते, म्हणून खाचेचा मागचा अर्धा भाग किंचित त्या खुंटीकडे वळवा, पुढचा मात्र सरळच ठेवा.

तार सैल करून बाजूला घ्या, हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) मास्किंग टेप लावा, कानशीचे तीनच हात मारा. तार परत खाचेत बसवून पूर्ण सुरात लावा, मग बघा. प्लास्टिकचा नट असेल तर दोनच हात, ते लोण्यासारखं कापलं जातं. हाड हळू कापतं, त्याची भुकटी नाकात जाऊ देऊ नका.

खोलीचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर फट किती उरते ते बघा. झेरॉक्सचा कागद साधारण चार थाउ जाड असतो, बारीक तारांना तेवढी फट पुरे, सहाव्या तारेला थोडी जास्त ठेवा. बोटाने टिचकी मारल्यावर फ्रेटवर हलका ‘टिक’ ऐकू यायला हवा. तो आला नाही, तर खाच जरुरीपेक्षा खोल गेलीय. स्कूटरच्या टॅपेटसाठी मेकॅनिक वापरतात ते फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घेतलंत तर काम नेमकं होईल. मात्र त्याआधी नेकचा (गिटारच्या दांड्याचा) बाक नीट आहे ना, ते पाहा. वाकलेल्या नेकचा दोष नटाला लावून मी लोकांना भलतीकडे घासताना बघितलंय.

सुरुवातीच्या काळात मी मित्राच्या गिटारची दुसरी तार ‘अजून एक हात’ म्हणत रात्री घासत बसलो. सकाळी मोकळी तार पहिल्या फ्रेटवर कर्कश खरखरत होती, आणि त्याच संध्याकाळी त्याला कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचं होतं. नटाच्या टोकाची हाडाची भुकटी खाचेत भरून वर फेविक्विकचा एक थेंब सोडला, सुकल्यावर परत घासलं. कार्यक्रम निभावला, पण कायमचं म्हणून त्याला मी नवा नट बसवून दिला. तेव्हापासून दिवसाउजेडीच खाचेला हात लावतो.

तुम्ही आता एवढंच करा. २६ची कानस तिसऱ्या तारेच्या खाचेत उतारानुसार फिरवा, पेन्सिलीचं शिसं चोळा आणि तार सुरात लावा. ‘टिंग’ गेला, तर इतर खाचा तशाच तपासा. त्यानंतरही एफ जड वाटला, तर सहाही तारांची पहिल्या फ्रेटवरची फट मोजून इथे लिहा. आकडे बघून कुठल्या खाचेला किती हात मारायचे ते सांगतो.