ब्रुसेल्सहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, युद्धसंग्रहालय असलेलं छोटं गाव कोणतं? सोबत आई-वडील आहेत.

बेल्जियममधलंच ईपर (Ypres). दुसरं नाव मी सुचवणारच नाही. मी लूव्हनला राहतो, तीनदा जाऊन आलोय, शेवटच्या खेपेला आई-बाबांना घेऊन.

ब्रुसेल्सहून रेल्वेने दोनेक तास लागतात, बहुधा एकदा गाडी बदलावी लागते. स्टेशनपासून चौकापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची सपाट चाल आहे, ज्येष्ठांना त्रास होत नाही.

संग्रहालय चौकातल्याच लाकेनहालमध्ये आहे. तेराव्या शतकात कापडाच्या व्यापारासाठी बांधलेली ही इमारत पहिल्या महायुद्धात अक्षरशः ढिगारा झाली आणि पुन्हा उभी करण्याचं काम १९६७पर्यंत चाललं. आत दोन-तीन तास ठेवा. सैनिक, डॉक्टर, परिचारिका यांच्या आठवणी कलाकार पडद्यावर सांगतात, तिथे थांबून ऐका. मनोऱ्याला २३१ पायऱ्या आहेत. आई खालीच बसली, आम्ही दोघे चढलो. हिवाळ्यात सोमवारी संग्रहालय बंद असतं, ते आधी बघून घ्या.

पण तुम्ही तिथे जावं असं मला वाटतं ते आपल्या माणसांसाठी. २२ एप्रिल १९१५ला जर्मनांनी ईपरजवळ क्लोरीन वायू सोडला आणि चारच दिवसांनी ब्रिटिश भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला त्याच भागात हल्ल्याला पाठवलं. हे जवान कसला मुखवटा नसताना त्या वायूत गेले. त्याआधी, ऑक्टोबर १९१४मध्ये, जवळच्या होलेबेकेला खुदादाद खान यांनी मशीनगन सोडली नाही; व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक. आणि त्याच महिन्यात सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, नव्ह शापेलच्या हल्ल्यात, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. खाणकाम आणि पूल बांधायला शिकलेले हे लोक पायदळासारखे लढले आणि फार मोठी हानी सोसली. बाबांचं बालपण खडकीतलं. हे ऐकल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. गाडी असेल तर नव्ह शापेलचं भारतीय स्मारकही करा.

दुपारी परत फिरू नका, एवढी कळकळीची विनंती. मेनिन गेट या स्मारक-कमानीवर चोपन्न हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं कोरली आहेत. भारतीय पलटणींची नावं शोधा. सिंग, खान, दिसत जातात. शेजारच्या तटावर भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, फुलं न्यायची तर तिथे. रात्री बरोबर आठला गेटखाली बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून, वाजते. ही प्रथा १९२८ला सुरू झाली आणि आता रोज चालते; दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मन ताब्यात असताना इथे खंड पडला होता. साडेसातला जाऊन उभे राहा, नाहीतर मागे राहाल. आईने त्या वेळी हात जोडले होते.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून ठेवा. आठचा कार्यक्रम लवकर आटोपतो, पण आई-वडिलांना घेऊन धावत स्टेशन गाठायची वेळ येऊ नये.