वाळलेले माळरान नांगरले तर मातीतील सूक्ष्मजीवांचे काय बिघडते?

आपला प्रश्न असा आहे की, नान्नजकडील माळ वाढत्या उन्हाने आणि लहरी पावसाने तसाही निर्जीव होत चालला आहे, तर तो नांगरून पिकाखाली आणल्याने मातीतील सूक्ष्मजीवांचे आणखी काय बिघडणार? मी सोलापुरात मृदाशास्त्र शिकवतो आणि प्रश्नातील ‘निर्जीव’ हे गृहीतकच मला मान्य नाही.

सोलापूरला वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस होतो, त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा असतो, आणि मुरमाड माळावरील ओल उन्हाळ्यापूर्वीच आटते. येथील सूक्ष्मजीव या चक्राला सरावलेले आहेत. ॲक्टिनोबॅक्टेरिया गटातील अनेक जिवाणू बीजाणूंच्या रूपात उन्हाळा काढतात (पहिल्या सरीनंतरचा मृद्गंध बहुतांशी त्यांनीच बनविलेल्या जिओस्मिन या संयुगाचा), तर बुरशीचे तंतू बारीक छिद्रांतील ओल गाठतात. पाऊस पडताच हे सारे एकदम जागे होऊन मृत पेशी व सेंद्रिय पदार्थ फस्त करू लागतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो, एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये याचे वर्णन केल्यामुळे या घटनेला बर्च परिणाम म्हणतात. हवामान बदलाचा फटका येथेच बसतो, कारण एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो मोजक्या दिवसांत कोसळला आणि मधले खंड लांबले, तर कोरड्या मातीला एकाएकी भिजण्याचे झटके तीव्र होतात आणि गवताने पुरविलेल्या कार्बनपेक्षा श्वसनात गेलेला कार्बन अधिक होऊ शकतो.

तरीही नांगराचा घाव मला अधिक खोल वाटतो. पवन्या गवताचा ठोंब उपटून पाहा; मुळांना चिकटलेले मातीचे रवे सहज झडत नाहीत, आणि त्यांतील एक सुकवून पेलाभर पाण्यात सोडला तर बराच वेळ टिकतो, उलट शेजारच्या नांगरटीतील ढेकूळ लगेच विरघळून पाणी गढूळ होते. हे रवे बांधून ठेवणारे, मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे जाळे फाळाने तुटते, रव्यांत दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो आणि त्यावर जिवाणू तुटून पडतात, त्यामुळे काही काळ त्यांची संख्या वाढलेलीही दिसते. पुढे डीएपीसारखी स्फुरदयुक्त खते पडली की पिकाला त्या बुरशीची गरज कमी भासते आणि तिचे प्रमाण घटते. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस आला आणि निचरा नसला, तर क्षारांची भर पडते, ती वेगळीच. अशा मातीला पावसाचा पुढचा खंड अधिक झोंबतो.

मेंढ्यांच्या चराईला मी सरसकट दोष देणार नाही, कारण बेताच्या चराईत लेंड्या-मुताद्वारे नत्र मातीत परततो. गवत मुळापर्यंत कुरतडले गेले तरच मुळांतून सूक्ष्मजीवांना मिळणारे खाद्य तुटते.

नांगरलेला माळ पडीक सोडल्यास गवत काही वर्षांत परतते, परंतु मातीतील सूक्ष्मजीवांची जुनी घडी बसण्यास अनेकदा दशके लागतात. म्हणून उत्पन्न हवे असल्यास नांगरट न करता मोकळ्या जागी मारवेल गवताचे ठोंब लावावेत आणि बी झडल्यानंतरच विळ्याने कापणी करावी.