पैसा कुठून?

प्रिय मुली,

परवा रात्री फोनवर मी तुला धड उत्तर दिलं नाही. तुझ्या वडिलांबरोबर विधानसभेत दोन टर्म एका बाकावर बसलोय, त्यामुळे तुझा आवाज चढला की मला तेच आठवतात. शेतीपंपांच्या मोफत विजेविरुद्ध सभागृहात बोललीस तर मतदारसंघात फिरणं अवघड आणि गप्प बसलीस तर स्वतःचीच लाज, हा तुझा पेच मला समजतो. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "काका, मुळात सबसिडी हेच पाप आहे." ते मला लागलं. थंडीत रात्री दोनला उठून गव्हाला पाणी देणाऱ्या बाईसमोर उभी राहून हे म्हणून दाखव.

सबसिडी पाप नाही. पैसा कुठून आणणार हे न सांगता ती वाटणं, हे पाप आहे.

याच विधिमंडळानं हे एकदा नीट करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर न्यायची ठरली, तेव्हा पहिला प्रश्न पैशाचाच होता. म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर आला. हमीचा कायदा त्यानंतर, 1977 मध्ये झाला. शहरातल्या नोकरदारानं पगारातून द्यायचं आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळायचं, हे सरकारनं उघड सांगितलं. आजही पगारातून महिन्याला 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. खर्चाचं नाव आणि कराचं नाव एकाच तोंडानं घेतलं गेलं. मला एवढंच हवंय. आयुष्यभर एवढंच हवं होतं.

आणि तरी 2004 मध्ये मी काय केलं? निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि मी सभांमधून ओरडत सुटलो, "बिलं फाडून टाका!" पैसा कुठून, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. 2005 मध्ये ती सवलत गेली. त्यानंतर एका वस्तीवर गेलो, तर एका म्हाताऱ्यानं ट्रंकेतून घडी घातलेली बिलं काढली. "तुम्ही सांगितलं तरी फाडली नव्हती," म्हणाला. "आमदारसाहेब, मला माहीत होतं." रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला चहा दिला.

तेव्हा विरोध केला असता तर पडलो असतो, आणि मग कालव्याच्या निधीसाठी भांडायला सभागृहात कोण उरलं असतं? वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय. त्यात खोटं काही नाही. कालव्याला पाणी आलं, ते आजही वाहतंय. पण त्या चहाची चव जात नाही. पुढच्या टर्मला प्रत्येक मागणीवर उठून "पैसा कुठून?" विचारायला लागलो आणि तिकीट कापलं गेलं. हट्टीपणा नडला, असं लोक म्हणतात. हट्ट दहा वर्षं उशिरा आला, असं मी म्हणतो.

आता तुझं. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज आहे. सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला जवळपास 14,760 कोटी. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटींची. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, सवलती यांसाठीच उत्पन्न पुरत नाही आणि रोजच्या खर्चाला कर्ज काढावं लागतं. त्यावर त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, आल्या. त्यांची पुस्तिका तू उघडलीस का? खरं सांग. मी माझ्या पहिल्या टर्मला उघडली नव्हती.

वीज कायदा 2003 चं कलम 65 वाच. राज्याला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ भरायची आणि भरली नाही तर वीज नियामक आयोगानं ठरवलेला दर लागू, असं त्यात स्पष्ट आहे. पैसा कुठून, हा प्रश्न तिथं कायद्यानंच विचारलाय. सरकार कमी पडलं की उरलेला भार बाकीच्या ग्राहकांच्या दरात शिरतो. तो कर कुणी मांडलेला नसतो, कुणी मंजूर केलेला नसतो, तरी किराणा दुकानदार तो भरतो. आधीच दुकानाच्या बिलावर 21 टक्के वीज शुल्क आहे, घराच्या बिलावर 16. मोठे कारखाने स्वतःची सौर वीज उभारून बाहेर पडतात. दुकानदार कुठं जाईल?

आणखी एक, ज्यावर कुणी बोलत नाही. ज्या पंपाला मीटर नाही, त्याची वीज अंदाजानं मोजतात. त्या अंदाजात चोरी आणि गळती दोन्ही शेतकऱ्याच्या नावावर लपवता येतात. बदनाम तो होतो. बिल नाही म्हणून डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की तक्रारीला वजन नाही, दुरुस्तीला गावातून वर्गणी. त्याला फुकट विजेपेक्षा दिवसाची वीज हवी आहे. पंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचं 16,000 मेगावॅटचं उद्दिष्ट त्याच दिशेचं आहे. त्याच्या बाजूनं जोरात बोल.

कर वाढवा म्हणायला घाबरू नकोस. जीएसटीनंतर राज्याच्या हातात मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल-डिझेल, वाहनं आणि वीज शुल्क, एवढंच ठळक उरलंय. यातला कोणता वाढवायचा ते नाव घेऊन सांग, नाहीतर कोणता खर्च कापायचा ते सांग. दोन्ही सांगता येत नसेल तर उभी राहू नकोस. मी हे कठोरपणे लिहितोय, कारण तू उभी राहावीस असं मला फार वाटतं.

हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला जायच्या आधी दोन गोष्टी कर. ऊर्जा विभागाच्या मागणीवर कपात सूचना दे, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, आणि तिच्यात मीटरचा मुद्दा घाल. आणि एक रात्र तुझ्याच मतदारसंघातल्या एखाद्या विहिरीवर काढ, वीज किती वाजता येते ते स्वतः पाहा. स्वेटर घेऊन जा. तिथून फोन कर, मी जागाच असेन.

तुझा काका