चौकोन धरायला माणसे लागतात

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा गाडीत तू विचारलेल्या प्रश्नाला मी "नंतर सांगतो" एवढेच म्हणालो, कारण रस्ता निसरडा होता आणि उत्तर लांबलचक होते. तू विचारले होतेस की दुकानात तयार आकाशकंदील मिळतो, व्हिडिओ पाहून एकट्यालाही कागदाचा कंदील करता येतो, तर मग दरवर्षी दिवाळीच्या आधी आपण तीन-चार घरची माणसे बोलावून, बाहेरच्या खोलीत चटया अंथरून, दिवसभर खळ आणि कागदाच्या कपट्यांचा पसारा का घालतो. आणि मराठी माणसे सगळीकडे असेच करतात का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. सगळी करत नाहीत. मुंबईत माहीमला एक गल्ली कंदील गल्ली म्हणूनच ओळखली जाते. दिवाळी जवळ आली की तेथे दोन्ही बाजूंनी कंदील टांगलेले असतात आणि लोक गर्दी करून ते विकत नेतात. त्यात काही कमीपणा नाही, कारण ते कंदीलही कोणाच्या तरी हातांनीच घडलेले असतात. पण ज्या घरांत, वाड्यांत आणि चाळींत कंदील करण्याची सवय टिकून राहिली, तेथे तो सहसा एकट्याने केला गेला नाही, आणि याचे कारण मला वाटते त्या कंदिलाच्या बांधणीतच आहे.

आपण जो जुन्या पद्धतीचा कंदील करतो त्याला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करायचे. त्यातला एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवायचा आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक, असे चार चौकोन उभे करायचे; मात्र ते बाजूवर नव्हे, तर टोकावर उभे करायचे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे. शेजारशेजारच्या चौकोनांचे कोपरे एकमेकांना मधोमध बांधले, की वर जी चार टोके उरतात त्यांवर सहावा चौकोन आडवा बसतो. एवढे झाले, की चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार झालेले दिसतात. ते कोणी मुद्दाम केलेले नसतात, आणि लहानपणी मला त्याचे फार नवल वाटे. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, वरून दिवा सोडायचा, खाली झिरमिळ्या लावायच्या, आणि उरलेले चार चौकोन व आठ त्रिकोण कागदाने मढवायचे.

आता तूच विचार कर, की टोकावर उभे केलेले चार चौकोन गाठ बसेपर्यंत धरणार कोण? ते आपले आपण उभे राहू शकत नाहीत. एक धरला तर दुसरा कलंडतो, दुसरा सावरला तर खालचा चौकोन तिरपा होऊन पतंगासारखा चपटा होतो. चार बाजूंना चार माणसे बसली आणि पाचव्याने दोरा फिरवला, तरच ते काम सुरळीत होते. हा कंदील ज्यांनी पहिल्यांदा बांधला, त्यांच्या घरात माणसे भरपूर असली पाहिजेत, असे मला दर वर्षी वाटते.

मी सात वर्षांचा असताना आमच्या गिरगावच्या चाळीत मला मिळालेले पहिले काम म्हणजे गाठीवर बोट ठेवणे. आमच्या मजल्यावर २० खोल्या होत्या आणि प्रत्येक दारासमोर एकसारखा कंदील लागला पाहिजे, असा मजल्याचा हट्ट असे. २० कंदील म्हणजे ४८० कामट्या. आणि एका कंदिलाला चौकोनांच्या २४ आणि जोडणीच्या १२ अशा ३६ गाठी धरल्या, तर सगळ्या मिळून ७२० गाठी. माझी आत्या दोन कामट्यांच्या कोपऱ्यावर दोरा चार वेळा आडवा आणि चार वेळा उभा घेई, पहिली अढी घाली आणि म्हणे, "ठेव बोट." मी तर्जनी त्या अढीवर दाबून धरायची, तिने दुसरी अढी घालून दोरा खेचायचा, आणि दोरा बोटावर आवळला जाण्याच्या बरोबर आधी मी बोट काढून घ्यायचे. लवकर काढले तर गाठ सैल पडे, उशिरा काढले तर बोट आत सापडे. शंभरेक गाठींनंतर आत्याला "ठेव" म्हणावे लागत नसे आणि मलाही तिच्या हाताकडे पाहावे लागत नसे. दोन माणसांचे हात असे एका लयीत चालू लागले, की जे सुख होते ते मला पुढे फार थोड्या कामांत मिळाले.

कामट्या तासण्याचे काम मोठ्यांचे असे. बुरुडाकडून आणलेला बांबू उभा चिरून, सुरीने सोलून, त्याच्या कडा पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत करत, म्हणजे हातात कुसळ जाऊ नये आणि कागद फाटू नये. सगळ्यांत काटेकोर काम मात्र मोजण्याचे होते. एक कामटी मापाची म्हणून वेगळी ठेवलेली असे आणि प्रत्येक कामटी तिच्याशीच ताडून पाहावी लागे. नव्या कामटीवरून पुढची, तिच्यावरून त्यापुढची असे मोजत गेले तर चूक वाढत जाते. गेल्या वर्षी आपल्याकडे तेच झाले, तुला आठवत असेल. तुम्ही मुलांनी एकमेकांच्या काड्यांवरून मापे घेतली आणि सहावा चौकोन काही केल्या बसेना. त्या दिवशी मी रागावलो नाही, कारण आमच्या मजल्यावरही हे दोनदा झाल्याचे मी पाहिले होते, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी मिळून गाठी सोडल्या होत्या.

आता खळीविषयी, कारण ती तुझ्या आवडीची आहे. आजी कणीक किंवा मैदा आधी गार पाण्यात कालवून घेई, गुठळी राहू देत नसे, आणि मग मंद आचेवर सतत ढवळत ती दुधासारखी पांढरी पेज काचेसारखी अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवी. त्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे झुरळे आणि कसर लागत नसे. पण मोरचूद विषारी असते, म्हणून आपण ते घालत नाही आणि खळ दोन दिवसांत वापरून टाकतो. तुला एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी आपल्याकडे हाताने कागद करणाऱ्यांना कागदी म्हणत. पुण्यात कसब्यातला कागदीपुरा आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही नावे त्यांच्यावरूनच पडली. तो हातकागद वाळल्यावर त्यावर खळ चढवत आणि गुळगुळीत दगडाने तो घोटत, म्हणजे त्यावर शाई फुटत नसे. तुझ्या कात्रणांच्या डब्यात जो चकचकीत रंगीत कागद आहे त्याला आम्ही अजूनही घोटीव कागद म्हणतो, तो शब्द या घोटण्यातला. तेव्हा पीठ आणि कागद यांची ओळख आपल्या स्वयंपाकघराच्या बरीच आधीची आहे.

कंदिलाला मात्र घोटीव कागद चालत नाही, कारण त्यातून उजेड येत नाही. त्याला पतंगाचा कागद लागतो, आणि इथे टोरांटोत आपण त्याऐवजी भेटवस्तू गुंडाळण्याचा पातळ टिश्यू कागद वापरतो. तो चिकटवण्याचे काम जवळून पाहशील तर त्यात एक गंमत आहे. खळीने ओला झालेला कागद ढिला पडतो, त्यावर सुरकुत्या येतात, आणि नवख्या माणसाला वाटते की सगळे बिघडले; तो तळहाताने सुरकुत्या काढायला जातो आणि कागद फाडतो. त्या वेळी काहीच करायचे नसते. कंदील पंख्यापासून दूर ठेवून द्यायचा. तासाभरात कागद वाळतो, आक्रसतो, आणि डफाच्या कातड्यासारखा ताणून बसतो. टिचकी मारली तर टप् असा आवाज येतो. मढवण्याआधी जो सांगाडा हातात डुगडुगत असतो, तो आता चारही बाजूंनी ताठ झालेला असतो. बांबू कागदाला धरतो हे सगळ्यांना दिसते, पण कागदही बांबूला धरतो, हे मला माझ्या वडिलांनी सांगाडा आधी आणि मग मढवलेला कंदील माझ्या हातात देऊन दाखवले होते. हे मी तुला सांगण्याऐवजी या वेळी तसेच हातात देणार आहे.

मी या देशात पहिल्यांदा आलो त्या वर्षीची दिवाळी मी एका भाड्याच्या खोलीत एकट्याने काढली. कंदील करायचाच, असे ठरवून सगळे सामान जमवले होते. सहा चौकोन दोन संध्याकाळी मिळून झाले, पण ते उभे करायला घेतल्यावर मी पुस्तके, डबे, बुटांची खोकी असे जे मिळेल ते आधाराला लावून पाहिले आणि दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी घरमालकीणबाई भाड्याची पावती द्यायला आल्या, त्यांनी दारातून ते पाहिले, काही न विचारता खाली बसल्या आणि दोन चौकोन दोन हातांत धरले. मी गाठ मारू लागलो तेव्हा त्यांनी आपणहून अढीवर बोट ठेवले. दिवाळी म्हणजे काय, कंदील कशासाठी, हे सगळे त्यांनी नंतर चहा घेताना विचारले. आधी हात लावला आणि मग विचारले, याचे मला फार अप्रूप वाटले, आणि पुढच्या वर्षापासून मी माणसे बोलावू लागलो.

तुझ्या प्रश्नात "पसारा" हा शब्द होता. पसारा होतो, हे मला मान्य आहे, आणि तो आवरायला तुलाच लावतो, हेही खरे. पण त्या पसाऱ्यात जे बोलणे होते ते एरवी होत नाही. जेवायला बोलावलेली माणसे समोरासमोर बसतात आणि विषय शोधतात. कंदिलाला बसलेल्या माणसांचे डोळे आणि हात गुंतलेले असतात, त्यामुळे तोंड मोकळे होते. आमच्या मजल्यावर वर्षभर एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन काकू झिरमिळ्या कापायला एकाच कात्रीवर येत. "कात्री द्या" एवढ्यावर सुरू झालेले बोलणे संध्याकाळपर्यंत बरेच पुढे गेलेले असे. शिवाय त्या दिवशी वयाचा मान वेगळा चाले. ज्याचा हात हलका त्याच्याकडे मढवण्याचे काम, मग तो दहा वर्षांचा का असेना; माझे काका कचेरीत साहेब होते, पण त्यांच्या हातून कागद फाटे, म्हणून त्यांना कायम कामट्या घासायला बसवत, आणि ते आनंदाने बसत. रंगांवरून भांडणे होत, तीही खरी भांडणे. चौकोन पिवळे आणि त्रिकोण लाल, की उलट, यावर एका वर्षी जेवणे थांबली होती. फाटलेल्या जागी आतून कागदाची चांदणी लावायची, हा तोडगा अशाच एका दिवशी कोणाला तरी सुचला, आणि पुढे न फाटलेल्या कंदिलांनाही मुले चांदण्या मागू लागली.

व्हिडिओ पाहून एकट्याने करण्याला माझा विरोध नाही. कागदाची फुले, घडीची पाखरे, शुभेच्छापत्रे ही एकट्याने शांतपणे करण्याची कामे आहेत, आणि तू ती तासन्‌तास करत बसतेस तेव्हा मी मध्ये बोलत नाही. या कंदिलाचे तसे नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

येत्या शनिवारी सकाळी दहाला सगळी येतील. बांबूच्या सळ्या मी आणल्या आहेत; त्यांची टोके कापून प्रत्येक काडी बरोबर २५ सेंटीमीटरची करायची, म्हणजे कंदील सुमारे ३५ सेंटीमीटर उंच होईल आणि समोरच्या खिडकीत बसेल. मापाची काडी या वर्षी तुझ्याकडे राहील, आणि तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय एकही काडी पुढे जाऊ द्यायची नाही, मग ती माझी असली तरी. शेजारच्या तुझ्या मैत्रिणीलाही बोलाव. तिला आधी काही समजावून सांगत बसू नकोस. एक चौकोन हातात दे आणि टोकावर उभा धर म्हणावे. तिच्या धाकट्या भावाला मी गाठीवर बोट ठेवायला घेतो. खळ शुक्रवारी रात्री करू, ढवळायला तू ये.

तुझे
बाबा