स्तनाच्या कॅन्सरवरचं लेट्रोझोल हे औषध चालू असताना आईला सोयाबीन दिलं तर चालेल का?

हो, जेवणातलं सोयाबीन, टोफू, सोया चंक्सची भाजी चालेल. आयसोफ्लेव्होनच्या (सोयातल्या एका प्रकारच्या द्रव्यांच्या) गोळ्या-पावडरी मात्र देऊ नका. सोया इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागून कॅन्सर वाढवेल, या भीतीचं मूळ प्रयोगशाळेत आहे. सोयातलं जेनिस्टिन हे आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनच्याच रिसेप्टरवर (पेशीत ते जिथे चिकटतं त्या जागेवर) जाऊन बसतं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर ते थोडं घातलं की पेशी वाढतात, भरपूर घातलं की वाढ खुंटते; आणि तेवढं भरपूर जेवणातून रक्तात पोहोचतच नाही. लेट्रोझोल हे इस्ट्रोजेन तयार करणारं अरोमाटेज एन्झाइम अडवतं. गाठी असलेल्या उंदरांना जेनिस्टिन दिल्यावर या औषधाचा परिणाम कमी झालेला दिसला, म्हणून गोळ्या नकोत. उलट क्रायसिनसारखी काही वनस्पतिद्रव्यं परीक्षानळीत अरोमाटेजलाच रोखतात, पण क्रायसिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, तेव्हा औषधाऐवजी काढे-बिढे नकोच.

माणसांतलं चित्र बरंच दिलासादायक आहे: शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांच्या पाहणीत (२००९) जास्त सोया खाणाऱ्यांत कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. अर्थात ती नुसती पाहणी होती, आणि चिनी जेवणात सोया आधीपासूनच असतं. आईंनी कधी खाल्लंच नसेल तर मुद्दाम सुरू करायचं कारण नाही.