८ इंची आरशावरचे पांढरे डाग: सेरियम बाजूला ठेवा, आधी डेड स्टॉक रजिस्टर बघा

मॅडम, तुमची पोस्ट वाचली. शाळेची ८ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर, पावसाळाभर गच्चीवरच्या खोलीत झाकून ठेवलेली. आता आरशावर दुधासारखे पांढरट डाग आणि कडेला बारीक जाळी. एक जण म्हणतो सेरियम ऑक्साइड लावून घासा, आणि ऑफिस म्हणतं निर्लेखन करून टाका, म्हणजे नोंदीतून काढून भंगारात द्या, नवी घेऊ. कोल्हापुरात एका कॉलेजच्या गच्चीवरची दुर्बीण मी बरीच वर्षं सांभाळली आहे आणि हे सगळं आमच्याकडे असंच घडलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आरसा सेलमधून काढणं, परत बसवून कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करणं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी सेरियमचं. ते कोटिंग, म्हणजे काचेवरचा चकचकीत ॲल्युमिनियमचा थर, साफ करायचं औषध नाही, काच खाणारी पावडर आहे. ८ इंची एफ/६ (फोकल लेंथ व्यासाच्या सहापट) आरशात गोलाकार आणि पॅराबोला (आरशाला हवा असलेला नेमका वक्र आकार) यांच्यातला फरक कडेलासुद्धा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी असतो, आणि चांगल्या आरशाचा पृष्ठभाग साधारण ७० नॅनोमीटरपर्यंत बरोबर असावा लागतो. ज्याने तो आरसा घडवला त्याने पिचच्या (डांबरासारख्या राळेच्या) लॅपवर, म्हणजे पॉलिशच्या तबकडीवर, मधे मधे थांबून, काच थंड होऊ देऊन, दर वेळी फोकॉल्ट टेस्ट (सुरीच्या धारेने परतलेला प्रकाश अडवून आकार तपासणं) लावून तो आकार आणलेला असतो. कापडाच्या बोळ्यावर सेरियम घेऊन डागापुरतं घासलं की तिथे खड्डा पडतो. मग कोटिंग कितीही चांगलं करा, गुरूचे पट्टे काही दिसायचे नाहीत.

ॲल्युमिनियमचा थर असतो साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. तो जाणारच. कल्हई उडाली म्हणून पातेलं कुणी मोडीत घालत नाही, तसंच हे. तमिळनाडूत कावळूरला २.३४ मीटरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीसाठी आणि उत्तराखंडात देवस्थळला ३.६ मीटरच्या दुर्बिणीसाठी कोटिंगचा प्लँट वेधशाळेतच आहे, कारण ठराविक काळाने जुना थर उतरवून नवा चढवणं हे तिथलं नेहमीचं काम आहे. त्यामुळे "आरसा खराब झाला, नवी दुर्बीण घ्या" हे ऑफिसचं म्हणणं मुळातच चूक आहे. तुमची काच बहुतेक शाबूत आहे. बहुतेक म्हणतो, कारण बुरशी किती आत गेली आहे ते धुतल्याशिवाय कळत नाही.

धुताना एकच गोष्ट जपायची: कोरडं काही फिरवायचं नाही. आपल्याकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की गच्चीवर काळी राख पडते, ती तुमच्याही खोलीत गेलेली असणार. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेत सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, भरपूर असते. कोरड्या फडक्याने ती पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आरसा तिरका धरून नळाची बारीक धार बराच वेळ सोडा. मग पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन-चार थेंब, मेडिकलमधला शुद्ध कापूस पूर्ण भिजवून, बोटाचा दाब न देता, नुसता त्याच्या वजनाने एकदा ओढायचा आणि टाकून द्यायचा. दुसऱ्या ओढीला नवा कापूस. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि आरसा कडेवर उभा करून निथळू द्यायचा. राहिलेले थेंब टिश्यूच्या टोकाने नुसते टिपायचे. अंगठी, बांगड्या आधी काढून ठेवा.

धुतल्यावर मागून टॉर्च मारून बघू नका. चांगल्या कोटिंगमधूनसुद्धा प्रखर दिवा अंधुक दिसतो, आणि तिरक्या उजेडात प्रत्येक कण दिसून माणूस उगाच घाबरतो. अगदी मधला भाग डायगोनलच्या (समोरच्या छोट्या तिरक्या आरशाच्या) सावलीत असतो, तिथल्या डागाने काही बिघडत नाही. दिवसा खिडकीशी धरून बघा. जाळी तशीच दिसली तर बुरशीने थर खाल्ला आहे, म्हणजे कोटिंगला पाठवायची वेळ आली.

आणि आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते.

आमचा आरसा विद्यार्थ्यांनी हाताने घासलेला होता. ८० नंबरच्या कार्बोरंडमपासून (काच घासायच्या भरड पावडरीपासून) पिचपर्यंत, कॉलेजच्याच एका खोलीत, ड्रमभोवती फिरत फिरत. त्या मुलांपैकी काही जण आज स्वतः शिकवतात. त्याचं कोटिंग गेलं तेव्हा पावसाळ्याला अजून अवकाश होता आणि एका प्रयोगशाळेने करून द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. आरसा इमारतीबाहेर न्यायला आमच्या वरच्या एका कार्यालयाची परवानगी लागत होती. टिपणी गेली. ती परत आली, कारण डेड स्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नुसतं "आरसा, १ नग" असं लिहिलेलं होतं आणि आरसा फर्निचर या सदरात येतो. फर्निचर दुरुस्तीला गावाबाहेर पाठवायचं कारण काय, असा शेरा होता. आम्ही खुलासा दिला. मग तीन कोटेशन मागितली. हे काम करणाऱ्या जागा देशात मोजक्या, त्यात काही जणांकडे दरपत्रकच नसतं, मैत्रीत करून देतात. तीन कोटेशन आणायची कुठून? तेही लिहून दिलं. मग प्रश्न आला, ही दुरुस्ती की बदली?

हे चालू असताना "वादग्रस्त वस्तू" म्हणून आरसा भांडारात जमा करायचा आदेश आला. पत्र्याची खोली, खाली ओल. लाकडी पेटीला लाखेचं सील. सिलिका जेल तरी बदलू द्या म्हणून अर्ज केला, तर सील फोडायचा अधिकार तुम्हाला नाही, असं उत्तर. जून गेला, पंचगंगा पात्राबाहेर पडली, गणपती आले. पेटी उघडली तेव्हा वरचा फोम काळा पडला होता आणि आरशावर झाडाच्या मुळांसारख्या रेषा कडेपासून आत गेल्या होत्या. जुना थर उतरवला तरी त्या रेषा राहिल्या, कारण बुरशीचं आम्ल काचेतच उतरलं होतं. पुन्हा पॉलिश करून नव्याने पॅराबोला करून घ्यावा लागला. आरसा आज चालतो, चांगला चालतो, पण मुलांनी केलेला तो पृष्ठभाग गेला. ज्यांनी शेरे मारले त्यांना एकदाही तो आरसा बघावासा वाटला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी रजिस्टर काढून बघा. नोंद मोघम असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने दुरुस्त करून घ्या: "दुर्बिणीचा प्रमुख आरसा, प्रकाशीय भाग, व्यास २०० मिमी, फोकल लेंथ १२०० मिमी". कोटिंगच्या अर्जात "दुरुस्ती" हा शब्द घालू नका, "नियतकालिक देखभाल" लिहा. आरसा तुमच्या ताब्यात राहील असं ताबापत्र आधीच घ्या. निर्लेखनाच्या कागदावर कुणी सही मागितली तर देऊ नका. एकदा निर्लेखित झाला की तो भंगारात जातो आणि मग कुणाचंच चालत नाही. मी लेखा विभागातला माणूस नाही आणि अनुदानित, विनाअनुदानित, जिल्हा परिषद, प्रत्येकाचे नियम वेगळे. तुमच्या क्लार्कना विचारूनच करा. पण विचारा आत्ता. कोटिंगचा योग मार्च-एप्रिलमध्येच साधतो, मेमध्ये सगळे सुट्टीवर आणि जूनमध्ये पाऊस.

कुणी सांगेल की आकार बिघडलाय, फिगरिंग (घासून नेमका आकार आणणं) पुन्हा करा. लगेच मान्य करू नका. फोकॉल्ट टेस्टमध्ये तुमच्या आरशात प्रकाशस्रोत जागेवर ठेवून सुरी हलवली तर मध्य आणि कड यांच्यात साधारण ४.२ मिलिमीटरचा फरक यायला हवा, स्रोत सुरीबरोबर हलत असेल तर त्याच्या निम्मा. शिवाय आकाशात ताऱ्यावर टेस्ट घ्या. दोन वेगळ्या परीक्षा एकच सांगत असतील तरच विश्वास ठेवा. हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा चुकला तो तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसल्यामुळे. दुसऱ्या उपकरणाने चूक दाखवली होती, पण तिकडे दुर्लक्ष झालं.

इथे दर वेळी कुणीतरी चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध हुपरीचं नाव काढून सुचवतं की घरीच चांदी चढवा. रासायनिक चांदीचं काम सुंदर होतं, पूर्वी वेधशाळांतही होत असे. पण आपल्या हवेत ती लवकर काळी पडते, आणि अमोनियातलं चांदीचं द्रावण उरवून ठेवलं तर त्यात स्फोटक साका तयार होतो. शाळेच्या लॅबमध्ये हा प्रयोग नको. फेरिक क्लोराइडने जुना थर उतरवणंही तुम्ही करू नका, कोटिंगवाले करतात.

कोटिंग करताना वर सिलिकॉन मोनॉक्साइडचा संरक्षक थर द्यायला सांगा, दोन पैसे जास्त गेले तरी. आरसा कुरिअरने पाठवू नका. हातात घेऊन जा, हातात घेऊन या. परत आल्यावर गच्चीवर ठेवू नका. लॅबमधल्या लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात १५ वॅटचा बल्ब सतत चालू आणि वरच्या कप्प्यात आरसा. बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडी पुरेसा तापत नाही आणि मग कपाटात ओल राहते. सोबत निळं सिलिका जेल, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करायचं, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला नको.

धुऊन झाल्यावर फोटो टाका, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात, एक पूर्ण आरशाचा आणि एक कडेच्या जाळीचा जवळून. रजिस्टरमधली नोंद जशी आहे तशी टाइप करून टाकलीत तर अर्जाचा मसुदा मी करून देतो.