जज ड्रेडच्या बिल्डिंगींची नावं

प्रश्न: दादा, बर्डीवर जज ड्रेडच्या (भविष्यातल्या शहरातला कडक पोलीस-न्यायाधीश) ब्रिटिश कॉमिक्सचे जुने अंक भेटले, तेच वाचून राहिलोय. त्यात बिल्डिंगींना माणसांची नावं आहेत, काही लपलंय का त्यात की उगाच दिलीत? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: अरे भरपूर लपलंय! मेगा-सिटी वन, म्हणजे ड्रेडचं अवाढव्य शहर, तिथल्या ब्लॉक्सना (प्रचंड बिल्डिंगींना) सिनेमा-टीव्हीवाल्यांची नावं सर्रास असतात. ड्रेड स्वतः राहतो राउडी येट्स ब्लॉकमध्ये, आता हा राउडी येट्स म्हणजे १९५९ ला सुरू झालेल्या ‘रॉहाइड’ या काउबॉय सिरीयलमधलं पात्र, तो रोल क्लिंट ईस्टवूडचा, आणि ड्रेड रचताना लेखक जॉन वॅगनरसमोर ईस्टवूडचाच ‘डर्टी हॅरी’ सिनेमातला कडक पोलीसवाला होता, म्हणजे ड्रेडचं मूळच त्याच्या पत्त्यावर लिहून ठेवलंय, मला तर ही सगळ्यात भारी जागा वाटते. त्याच्या ड्रेसमागे ‘डेथ रेस २०००’ सिनेमाची जाहिरात आहे, तीच चित्रकार कार्लोस एझ्क्वेराला दाखवली होती. १९७८ च्या ‘कर्स्ड अर्थ’ कथेत तर मॅकडोनाल्ड्स आणि बर्गर किंगच्या टोळ्या लढतात, ते भाग कायद्याच्या भीतीने पुस्तकात यायला २०१६ उजाडलं. तुमच्याकडच्या अंकात मागच्या भिंतींवरचे बोर्ड आणि जाहिराती नक्की वाचा, घाईत पानं उलटू नका.